शेवाळातला स्टार्च शोधताना

बीड जिल्ह्यातल्या तळ्यातलं कोणतं सूक्ष्म शैवाल जास्त स्टार्च साठवतं, हे प्रयोगशाळेत तपासू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हे अनुभवाचे बोल.

१. पाणी कंकालेश्वराच्या कुंडातलं असो की माजलगावच्या जलाशयातलं, आधी सूक्ष्मदर्शकाखाली बघा. हिरवं ते सगळं स्टार्चवालं नसतं. नील-हरित शैवाल ग्लायकोजेन साठवतं, युग्लीना पॅरामायलॉन. क्लोरेल्ला, सीनेडेस्मस, क्लॅमिडोमोनास यांच्यात मात्र खरा स्टार्च सापडतो.

२. नमुना जिवंत आणा. लुगॉल (आयोडीनचं द्रावण) टाकलेला नमुना मोजणीला चालतो, कल्चर वाढवायला नाही.

३. आयोडीनवर निवड करा, आकडा मागू नका. पेशींच्या गाळातलं हरितद्रव्य गरम अल्कोहोलनं काढा, पेशी फिक्या पडल्या की आयोडीनचा थेंब सोडा. पायरिनॉइडभोवती, म्हणजे हरितलवकातल्या प्रथिनाच्या गोळ्याभोवती, निळं-काळं कडं उमटतं. ते पहिल्यांदा दिसतं तेव्हा आजही मन हरखतं. ग्लायकोजेन असेल तर रंग तांबूस-तपकिरी येतो.

४. नमुना काढायची वेळ बांधून घ्या. पेशी दिवसा स्टार्च साठवतात आणि रात्री खर्च करतात. एका कल्चरचा सकाळचा आणि दुसऱ्याचा संध्याकाळचा आकडा शेजारी मांडला, तर ती तुलनाच नव्हे. वीज गेली, दिवे बंद राहिले, तर तेही वहीत लिहा.

५. सगळ्यात जास्त फसवतो तो नायट्रोजन. माध्यमातलं नायट्रेट संपलं की पेशींची वाढ मंदावते आणि प्रकाशात तयार झालेली साखर स्टार्चकडे वळते. टक्केवारी चढते, पण एकूण वाढ घटलेली असते. म्हणून सगळी कल्चर वाढीच्या एकाच टप्प्यावर तपासा आणि स्टार्च दर लिटरमागेही मोजा. नुसत्या टक्केवारीवर पहिला नंबर देणं मला पटत नाही.

६. स्टार्च मोजायला वापरतो ते अँथ्रोन सगळ्याच साखरांशी रंग देतं. त्यामुळे गाळ आधी ८० टक्के गरम अल्कोहोलनं नीट धुवा, मगच पर्क्लोरिक आम्लानं स्टार्च काढा. क्लोरेल्लाची पेशीभित्ती चिवट असते, तिच्या पेशी काचेच्या मण्यांनी फोडून घ्या. ६३० नॅनोमीटरच्या वाचनातून आलेल्या ग्लुकोजच्या आकड्याला ०.९ नं गुणलं की स्टार्च मिळतो.

आपल्याकडची बरीच तळी उन्हाळ्यात आटतात. पाणी आहे तोवर नमुने आणा आणि बाटलीवर तळ्याचं नाव, तारीख, वेळ तिथेच लिहा.