न्याहारीनंतर प्रस्थान

सहलीच्या पत्रकातलं सगळ्यात फसवं वाक्य कोणतं, असं कुणी विचारलं तर मी 'न्याहारीनंतर दुधव्याकडे प्रस्थान' हे सांगेन. त्यात खोटं काही नसतं. न्याहारी होते, प्रस्थानही होतं. लखनौहून दुधव्याचं जंगल सव्वादोनशे किलोमीटरच्या घरात आहे. मराठी वाचक मनात म्हणतो, म्हणजे पुणे-कोल्हापूर, जेवणाच्या वेळेला पोहोचू. सीतापूरपर्यंतचा चौपदरी रस्ता हा हिशेब खरा ठरवतो. लखीमपूर आलं की ऊस सुरू होतो. कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको: गाळपाच्या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर रस्त्याच्या मधोमध चालतो, दोन्ही बाजूंनी ऊस लोंबत असतो आणि मागे लाल दिवा असेलच असं नाही. खीरी जिल्ह्यात हे दृश्य सगळा हिवाळाभर असतं, फक्त इथे त्यावर धुकं असतं. दुधव्याजवळच्या पलियाला पोहोचेपर्यंत पाच-सहा तास जातात, दुपारच्या जंगलफेरीची वेळ टळते, आणि पत्रकात ज्या दिवसापुढे 'दुधवा' लिहिलेलं असतं तो दिवस वाहनात संपतो.

लखनौत राहणाऱ्या मराठी माणसापुढे मुंबई-पुण्याहून आलेली अशी पत्रकं दर दिवाळीनंतर येतात, आणि सोबत एकच प्रश्न असतो: ही सहल घ्यावी का? साधारण आखणी अशी असते. लखनौ, दुधवा, कतर्नियाघाट, अयोध्या, वाराणसी. सहा रात्री, सात दिवस. वर 'साहसी सहल' असा शिक्का. ठिकाणं सगळी खरोखर पाहण्यासारखी आहेत, त्याबद्दल वाद नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. या सात दिवसांत मोकळा दिवस एकही नसतो, आणि ज्या सहलीत मोकळा दिवस नाही तिला साहसी म्हणणं हा शब्दाचा गैरवापर आहे. साहस म्हणजे ठरवलेलं बदलण्याची वेळ येईल हे गृहीत धरून निघणं. इथे मात्र एक जरी गोष्ट बदलली तर सगळा डोलारा कोसळतो, म्हणून काहीच बदलू दिलं जात नाही.

पत्रकावर ठिकाणं मोजू नका, तास मोजा. लखनौ ते दुधवा पाच-सहा, तिथून कतर्नियाघाट दोन-तीन, मग बहराइच आणि गोंड्यावरून अयोध्या पाच-सहा, पुढे वाराणसी चार-पाच. म्हणजे अठराएक तास, तेही रस्ता मोकळा धरून. डिसेंबरच्या अखेरीस या भागात सूर्य आकाशात साडेदहा तासही नसतो, आणि त्यातले सकाळचे काही तास धुकं खातं. मुंबईच्या माणसाला धुकं म्हणजे माथेरानची गंमत वाटते. गंगेच्या मैदानातलं धुकं डोंगरातल्यासारखं येऊन जात नाही. ओली जमीन, नद्या, कालवे, पाणी दिलेली गव्हाची शेतं, थंड रात्र आणि पडलेला वारा असं सगळं जमलं की ते जमिनीवर बसतं आणि कधीकधी दोन-दोन दिवस हलत नाही. गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात. मुंबईहून पुष्पकने निघणाऱ्याचा वेळापत्रकाप्रमाणेच एक पूर्ण दिवस गाडीत जातो. धुक्यात तो लांबला की सहलीची पहिली सकाळ गेली. विमानाची हमीही कुणी देऊ नये.

जंगलाचं स्वतःचं वेळापत्रक आहे ते वेगळंच. दुधवा १९७७ साली राष्ट्रीय उद्यान झालं, दहा वर्षांनी व्याघ्र प्रकल्पात आलं, आणि १९८४ मध्ये आसामातून गेंडे आणून इथे पुन्हा वसवायला सुरुवात झाली. पण ते ताडोबा नव्हे. ताडोब्याच्या कोरड्या पानगळीच्या जंगलात पाणवठ्यावर वाघ दिसण्याची जी सवय मराठी डोळ्यांना लागली आहे, ती इथे उपयोगी पडत नाही. हा तराई प्रदेश. साल वृक्षांची दाट राई, दलदल, आणि माणसाच्या डोक्यावरून जाणारं गवत, ज्यात गेंडासुद्धा हरवतो. पावसाळ्यात शारदा आणि सुहेली फुगतात नि जंगल बंद होतं. रूढ हंगाम मध्य नोव्हेंबर ते मध्य जून, अलीकडे नोव्हेंबरच्या सुरुवातीपासूनच. फेऱ्या दोनच, सकाळची आणि दुपारची. दाट धुक्यात सकाळच्या फेरीत जिप्सीच्या बॉनेटपलीकडचं दिसेल न दिसेल. म्हणजे एका रात्रीच्या मुक्कामात हाताशी दोन फेऱ्या, त्यातली पहिली उसाच्या ट्रॉल्यांनी खाल्लेली आणि दुसरी धुक्याने. यात गाइडचा दोष नाही, जंगलाचा नाही, हवेचाही नाही. दोष आखणी करणाऱ्याचा, आणि थोडा आपलाही. कारण दोन पत्रकं शेजारी ठेवून आपण विचारतो, 'यात पाच ठिकाणं आणि त्यात सातच्या सात, पैसे मात्र तेवढेच, मग ते का नको?' सहल विकणारा तेच विकतो जे आपण मोजतो.

या मुलखातल्या अनेक मुक्कामांच्या प्रवासाची मराठीतली सगळ्यात मोठी साक्ष विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'मध्ये आहे. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक १८५७ साली काकांबरोबर निघाला तो बायजाबाई शिंदे मथुरेत मोठा यज्ञ करणार आणि भरपूर दानधर्म होणार असं ऐकून. घरावर कर्ज होतं. हेतू सरळ होता. वाटेत महूलाच शिपायांकडून बंडाची कुणकुण लागली. यज्ञ बाजूला राहिला. ग्वाल्हेर, झाशी, काल्पी, चित्रकूट, अयोध्या असा प्रवास झाला, झाशीचा वेढा आतून पाहावा लागला, मिळवलेलं लुटलं गेलं, आणि गंगेची कावड घेऊन माणूस घरी परतला तो दोन वर्षं उलटल्यावर. हे पुस्तक १९०७ मध्ये चिं. वि. वैद्यांनी छापलं, आणि ते हिंदीत नेलं लखनौच्याच अमृतलाल नागरांनी, 'आँखों देखा गदर' या नावाने. कुणी म्हणेल, जीव मुठीत धरून फिरणाऱ्या भिक्षुकाची आणि वातानुकूलित टेम्पो ट्रॅव्हलरची तुलना कशाला? तुलना सुखसोयींची नाहीच. गोडसे भटजी वाचले ते थांबता येत होतं म्हणून. रस्ता बिघडला की मुक्काम वाढवायचा, गावातल्या जाणत्या माणसाला विचारायचं, निभावेल तेव्हा पुढे सरकायचं. त्यांच्याकडे तारीख नव्हती. आजच्या सहलीकडे तारखेखेरीज दुसरं काही नसतं.

यावर पहिला आक्षेप अर्थातच रजेचा. नोकरदाराला आठ दिवस मिळतात, त्यात मोकळा दिवस ठेवायचा म्हणजे पैसे देऊन हॉटेलात बसायचं? त्याला माझं उत्तर असं की दिवस वाढवू नका, ठिकाण गाळा. लखनौ आणि तराई ही एक सहल आहे. अयोध्या आणि काशी ही दुसरी. दोन्हींचा हंगाम वेगळा, गर्दीची कारणं वेगळी. जानेवारी २०२४ मधल्या राममंदिराच्या प्राणप्रतिष्ठेनंतर अयोध्येच्या गर्दीचा अंदाज जुन्या अनुभवावरून करता येत नाही, आणि २०२५ च्या महाकुंभात प्रयागराजकडे जाणारे रस्ते कसे तुंबले होते ते सगळ्या देशाने पाहिलं. 'पुन्हा कोण इतक्या लांब येणार' हा युक्तिवाद मला कळतो, घरात वयस्क माणसं असली की तो खराही असतो. पण पुन्हा येणं होणार नाही म्हणूनच एक ठिकाण नीट पाहायचं, की पाचही ठिकाणं काचेतून? एका वाक्यात सांगायचं तर सत्तरीतल्या माणसाला रोज बॅग भरायला लावणं यापेक्षा दमवणारं जंगलात काही नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. साहसी सहलीत शिस्त हवी, कार्यक्रम घट्ट असला तरच लोक सुरक्षित राहतात, असं अनुभवी आयोजक सांगतात. डोंगरावर हे खरं आहे. इथे उलट होतं. आदल्या दिवशीचा उशीर भरून काढायला पहाटे चारला निघायचं ठरतं, चालक आधीच दहा तास गाडी चालवून आलेला असतो, आणि बाहेर पांढऱ्या भिंतीखेरीज काही दिसत नसतं. आग्रा-लखनौ द्रुतगती मार्ग तीनशे दोन किलोमीटरचा, देखणा आहे; धुक्यात एकावर एक वाहनं आदळल्याच्या बातम्या या भागातल्या अशाच देखण्या रस्त्यांवरून दर हिवाळ्यात येतात. या सहलीतला खरा धोका वाघ नाही, मगर नाही. तो घट्ट कार्यक्रम आहे, कारण चालकाला 'आज थांबू' म्हणायची मुभा त्याने ठेवलेली नसते.

'मार्गदर्शकासह' या शब्दाचाही जरा उलगडा करून घ्यावा. महाराष्ट्रातून सोबत येणारा टूर मॅनेजर आणि जागेवरचा गाइड ही दोन वेगळी माणसं. पहिला खोल्या, तिकिटं, औषधं बघतो, आणि बरोबर स्वयंपाकी असेल तर सीतापुरातही वरणभात मिळतो; हे काम मोलाचं आहे. पण लखनौच्या बड्या इमामबाड्यात गेलात की दुसऱ्याची किंमत कळते. आसफउद्दौल्याने १७८४ च्या दुष्काळात ही इमारत उभारायला घेतली. मधला दिवाणखाना सुमारे पन्नास मीटर लांब आणि त्याला एकही तुळई नाही. स्थानिक गाइड तुम्हाला सज्जाच्या एका टोकाला उभं करतो, स्वतः दुसऱ्या टोकाला जाऊन काडी ओढतो किंवा कागद फाडतो, आणि तो आवाज तुमच्या कानाशी येतो. त्याला वेळ लागतो, लोक गप्प असावे लागतात. 'अर्धा तास, मग बसमध्ये' असं ठरलेल्या गटात तो काडी पेटीतच ठेवतो.

चौकातल्या मक्खन मलाईचंही तसंच. आटवलेलं दूध थंडीच्या रात्री उघड्यावर दवात ठेवतात, पहाटे घुसळून त्याचा फेस काढतात, त्यावर केशर आणि पिस्ता. गोल दरवाजापाशी सकाळी परातींतून ती पिवळसर ढगासारखी रचलेली असते. दोन्यात घेतली की वजनच लागत नाही, आणि जिभेवर ठेवताच काहीच उरत नाही. ऊन चढलं की फेस बसतो आणि खेळ खलास. बनारसला हिलाच मलइयो म्हणतात. पाचला लखनौ सोडणाऱ्या आणि रात्री दहाला वाराणसीत शिरणाऱ्या गटाचे कांदेपोहे चुकत नाहीत, ही मात्र दोन्हीकडे चुकते.

तेव्हा पैसे भरण्याआधी विचारायचं ते हे. प्रत्येक दिवशी वाहनात किती तास, हे लिहून मागा. 'साधारण' चालणार नाही. जंगलफेऱ्या किती, आरक्षण कुणाच्या नावावर, फेरी बुडाली तर बदली फेरी की परतावा, हेही लेखी हवं. 'हवामानामुळे कार्यक्रमात बदल होऊ शकतो' ही बारीक अक्षरातली ओळ सगळ्यांकडे असते, आणि ती रास्त आहे. विचारायचं एवढंच की बदल झाला तर गाळायचं कुठलं ठिकाण हे आधी ठरलंय का. ज्याने हे ठरवलेलं असतं त्याने सहल खरोखर आखलेली असते. प्रवासविमा घेताना साहसी प्रकार वगळलेले आहेत का ते वाचा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आता तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, लखनौला खेटे घालावे लागत नाहीत; पण तिथे उभं राहतं ते कागदावरचं वचन, फोनवरचं नव्हे. महिना निवडता येत असेल तर ऐन नाताळ टाळा. फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्च तराईसाठी उत्तम. धुकं सरलेलं, उन्हाचा तडाखा अजून लांब. वाघच हवा असेल तर एप्रिल-मे, चाळीस अंश सोसायची तयारी ठेवून.

आणि डिसेंबरच पदरात पडला तर मोकळा दिवस कतर्नियाघाटला ठेवा. नेपाळच्या कर्णालीचं पाणी इथे गेरुवा नदीतून येतं. तीत नाव जाते. आपण जिला सुसर म्हणतो, ती लांबट चोचीसारख्या तोंडाची घडियाल इथे आहे. लखनौच्या कुकरैल केंद्रात तिची अंडी उबवून पिल्लं नद्यांत सोडण्याचं काम कित्येक वर्षं चाललं आहे. नावाडी 'सूँस' म्हणाला तर मात्र वाळूकडे पाहू नका, पाण्याकडे पाहा: इकडे सूँस म्हणजे गंगेतला डॉल्फिन, आणि मराठी माणूस सुसर शोधेपर्यंत तो श्वास घेऊन बुडालेला असतो. थंडीत सकाळी आठला किनारा रिकामा दिसतो. थंड रक्ताच्या जनावराला बाहेर यायला ऊन लागतं. अकरा-साडेअकराला धुकं वर उचललं जातं, वाळू तापायला लागते, आणि मग एकेक करून त्या बाहेर येतात, तोंड उघडून पडून राहतात. त्या सुमारास पत्रकातल्या गटाची गाडी बहराइचच्या रस्त्याला लागलेली असते.