सोळाव्या वर्षी मत मागणाऱ्या भाचीस

चि. सोनू,



तुझं पत्र आणि भाषणाचा कच्चा मसुदा, दोन्ही मिळालं. ‘मुलांना मतदानाचा हक्क मिळाला पाहिजे’ या बाजूने वादविवाद स्पर्धेत बोलायचं ठरवलंस, हे मला फार आवडलं. बाबा म्हणाले, ‘आधी बारावीचं बघ.’ ते मनाला लावून घेऊ नकोस. माझ्या भावाला तुझ्या टक्क्यांची काळजी आहे, एवढाच त्याचा अर्थ. पण तुझ्या प्रश्नाला ते उत्तर नव्हे, म्हणून मी लिहिते आहे.

मसुद्यात तू सगळा भर ‘आम्हालाही कळतं’ यावर दिला आहेस. तो काढून टाक. कळणं ही मताची पात्रता मानली, की समोरचा लगेच परीक्षा घ्यायला बसतो, आणि परीक्षा घेणारा नेहमी आधीपासून मत असलेलाच असतो. आपल्याकडे हे घडून गेलं आहे. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यात मत होतं ते शेतसारा आणि कर भरणाऱ्यांना. बायकांना ते १९२१ साली मिळालं, तेही त्याच मालमत्तेच्या अटीवर. सायमन कमिशन आलं तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सर्व प्रौढांना मत मागितलं. निरक्षरांच्या हाती मत कसं द्यायचं, ही हरकत तेव्हा चांगली शिकलेली माणसं घेत होती. बाबासाहेबांची मांडणी निराळी होती. एकत्र जगण्याच्या अटी कोणी ठरवायच्या, हा मताचा अर्थ. आणि ज्यांची घासाघीस करण्याची ताकद कमी, त्यांच्यावर बलवान लोक अटी लादतात, म्हणून मताची गरज त्यांनाच अधिक.

तुझ्या भाषणाचा पाया हा असू दे. गावातून तालुक्याला जाणारी सकाळची एसटी बंद झाली तर कॉलेज कोणाचं बुडतं? शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नसेल तर घरी कोण बसतं? ज्यांचं जातं त्यांच्याकडे मत नाही, आणि मत नाही म्हणून प्रचाराला आलेला उमेदवार त्यांच्याशी बोलत नाही. हे सांग. यात हुशारीचा दावा नाही, त्यामुळे कोणाला तुझी परीक्षा घेता येणार नाही.

आता तू लिहिलेली वयाची गोष्ट. दहाव्या वर्षापासून मत द्यावं, हे मला पटत नाही, आणि का ते नीट सांगते. नोकरीत असताना मी कितीतरी निवडणुकांची ड्यूटी केली. आमच्याच शाळेचे वर्ग मतदान केंद्रं व्हायचे; मुलांना सुट्टी, आणि त्यांच्या बाकांवर आम्ही याद्या आणि शाईची बाटली मांडून बसायचो. एकदा एक आजी बारा वर्षांच्या नातीचा हात धरून आली. डोळ्यांना दिसत नव्हतं. ‘बँकेची स्लिप हीच भरते, औषधं हीच वाचते, बटणही हीच दाबेल,’ म्हणाली. नियम सांगतो की मतदाराच्या कडेवरचं मूल आत येऊ शकतं, पण अंध मतदाराचा सोबती अठरा वर्षांचा हवा. केंद्राध्यक्षांनी नातीला बाहेर थांबवलं आणि शेजारच्या एका बाईंना सोबत दिलं. पोर हिरमुसली. मलाही तेव्हा तो नियम जाचक वाटला.

पुढे मला त्यातलं शहाणपण दिसलं. ती मुलगी आत गेली असती, तर घरी पोचण्याआधीच तिला कोणीतरी विचारलं असतं, ‘आजीनं कुठलं बटण दाबलं गं?’ विचारणारा तिचा काका असता, नाहीतर ज्यांच्या शेतावर तिचे आईवडील राबतात तो मालक असता. बारा वर्षांची पोर ‘सांगणार नाही’ म्हणू शकली असती का? मताला समज लागते त्याहून अधिक लागतं ते हे: जो आपल्याला जेवू घालतो त्याच्यापासून आपलं मत लपवून ठेवता येणं. लहान मुलाला मत दिलं, तर ते बहुतेक घरांत बापाचं दुसरं मत होईल.

इथे तुला विरोधी बाजू पकडेल. बायकांच्या मताबद्दलही हेच म्हणत होते, की ते नवऱ्याचं दुसरं मत. खरं आहे, आणि पुष्कळ घरांत तसं घडलंही. पण सज्ञान बाईला कायद्याने स्वतःची कमाई, स्वतःचं घर, स्वतःची तक्रार करता येते. दहा वर्षांच्या मुलाला यातलं जवळजवळ काहीच स्वतःच्या बळावर करता येत नाही. पॉल डेमेनी या लोकसंख्याशास्त्रज्ञाने १९८६ साली सुचवलं होतं की मुलांची मतं आईवडिलांनी द्यावीत. स्पर्धेत कोणी हा मार्ग काढलाच, तर तू कडाडून विरोध कर. आपल्या गावात त्या मतांचा गठ्ठा कोणाच्या हातात जाईल, हे तुला सांगायला नको.

म्हणून तू सोळा वर्षं माग. ऑस्ट्रियाने २००७ साली ती दिली. ब्राझीलच्या १९८८ च्या राज्यघटनेत सोळा-सतराव्या वर्षी मत ऐच्छिक आहे. स्कॉटलंडमध्ये २०१४ च्या सार्वमतात सोळा वर्षांच्या मुलांनी मत दिलं. आपल्या कायद्याकडेही बोट दाखव: २०१५ च्या बाल न्याय कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलाने अतिशय गंभीर गुन्हा केला, तर त्याची समज तपासून त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालवता येतो. शिक्षेपुरती समज धरायची आणि मतापुरती नाकारायची, हे मला अन्यायाचं वाटतं. मी तर सुरुवात ग्रामपंचायत आणि नगरपालिकेपासून करीन, कारण एसटी, पाणी, शाळा यांसाठी तुम्ही सरपंचाला गाठू शकता, खासदाराला नाही.

आणि ‘आजवरची रीत’ कोणी पुढे केली, तर त्यांना सांग की रीत एकदा बदलली आहे. घटनेत आधी वय एकवीस होतं. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने ते अठरा झालं, २८ मार्च १९८९ पासून. त्या नोव्हेंबरात लोकसभेची निवडणूक झाली तेव्हा रांगेतले म्हातारे ‘या पोरांना काय कळतंय’ म्हणत होते. पोरं आली, शिक्के मारले, मतपत्रिकेच्या घड्या घालून पेटीत टाकल्या आणि गेली. त्यांतली कित्येक आज तुझ्यासारख्यांचे आईवडील आहेत. तुझे बाबाही त्या रांगेत होते, हे त्यांना जरूर आठवून दे.

स्पर्धा एका दिवसात संपेल. कायदा त्याने बदलणार नाही, आणि मत मिळेपर्यंत तुझ्या हातात दोन वर्षं आहेत. ग्रामसभेला जा. मत नसलं तरी मागे बसून ऐकता येतं. एसटीचा अर्ज दहा मैत्रिणींच्या सह्यांनिशी लिहून नेलास तर ग्रामपंचायतीला तो घ्यावा लागेल, पोच मागून घे. कॉलेजात वर्गप्रतिनिधी निवडायचा असेल, तर हात वर करून नको, चिठ्ठ्या टाकून निवडा, आणि तू कोणाला दिलंस ते जिवलग मैत्रिणीलाही सांगू नकोस. सतरा पूर्ण झाली की मतदार नोंदणीसाठी नमुना ६ चा अर्ज आगाऊ भरता येतो. हल्ली नावं चढवण्यासाठी १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात, म्हणजे तुझा जुलैचा वाढदिवस आड येणार नाही. जन्मदाखल्याची झेरॉक्स आणि फोटो काढून ठेव.

नवा मसुदा झाला की पाठव. वेळ पाच मिनिटांचीच असेल, तर ऑस्ट्रिया आणि ब्राझील गाळ, एसटी ठेव.

तुझी,
आत्या