भेंडीबाजार : खरेदी, जेवण आणि मुक्काम



बाजार, दुकान, किंमत, मुक्काम, इमारत, हक्क हे शब्द मोठ्याने वाचा. तुम्ही म्हणाल, "हे तर आमचे उर्दू शब्द!" खरे आहे, पण ते तितकेच मराठीही आहेत. अरबी-फार्सीतून आलेले हे शब्द मराठीत केव्हाच घरचे झाले. तेच सोबत घेऊन आज आपण मुंबईच्या भेंडीबाजारात फिरू या.

भेंडीबाजार दक्षिण मुंबईत, मोहम्मद अली रोडला लागून आहे. येथे पूर्वी भेंडीची झाडे होती म्हणून हे नाव पडले, असे काही जण म्हणतात. इंग्रज या भागाला 'बिहाइंड द बाजार', म्हणजे बाजारामागचा भाग म्हणत, त्यावरून हे नाव आले, असे दुसरे सांगतात. संगीतातील एक घराणेही याच नावाने ओळखले जाते. त्या घराण्याचे उस्ताद अमान अली खाँ यांच्याकडे लता मंगेशकर यांनी काही काळ गाण्याचे शिक्षण घेतले होते.

प्रथम खरेदी करू. टोप्या, अत्तरे, कापड, भांडी, लोखंडी सामान, काय हवे ते येथे मिळते. जवळच्या चोरबाजारात जुनी घड्याळे, ग्रामोफोन आणि चित्रपटांची भित्तिपत्रके दिसतात. दुकानदाराला विचारा, "काका, ही टोपी केवढ्याला दिली?" भाव जास्त वाटला तर नम्रपणे म्हणा, "थोडे कमी करा ना!" पैसे दिल्यावर पावती घ्यायला विसरू नका.

आता भूक लागली असेल. नहारी रात्रभर मंद आचेवर शिजते आणि सकाळी खाल्ली जाते. 'नहार' म्हणजे दिवस. त्यावरून तिचे हे नाव पडले. रमजानमध्ये मिनारा मशिदीजवळच्या गल्लीत मालपुवा आणि मातीच्या वाडग्यातील फिरनी घेण्यासाठी सर्व धर्मांचे लोक गर्दी करतात. बोहरी कुटुंबात सारे जण एकाच मोठ्या थाळाभोवती बसतात आणि चिमूटभर मीठ चाखून जेवणाला सुरुवात करतात.

मग राहायचे कोठे? पूर्वी हजला जाणारे यात्रेकरू मुंबईहून जहाजाने जेद्दाला जात. जहाज सुटेपर्यंत ते क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मुसाफिरखान्यात मुक्काम करीत. 1995 मध्ये हा समुद्रप्रवास बंद झाला. आज या परिसरात प्रवाशांसाठी अनेक लॉज आहेत.

पण मित्रांनो, पाहुण्याचा मुक्काम दोन दिवसांचा असतो. जे जन्मभर येथे राहतात, त्यांचे काय? येथील अनेक चाळी फार जुन्या. खोल्या लहान, शौचालये सामाईक, लाकडी खांब कुजलेले. 31 ऑगस्ट 2017 रोजी सकाळी येथील हुसैनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसे दगावली. तिच्यातील काही कुटुंबे आधीच दुसरीकडे हलली होती. काही मात्र तेथेच राहत होती.

ही इमारत पाडून नवी बांधायचे आधीच ठरले होते. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू सय्यदना मोहम्मद बुऱ्हानुद्दीन यांच्या प्रेरणेने 2009 मध्ये सैफी बुऱ्हानी अपलिफ्टमेंट ट्रस्ट स्थापन झाला. सुमारे साडेसोळा एकरांतील अंदाजे 250 इमारती, 3,200 कुटुंबे आणि 1,250 दुकाने या योजनेत येतात. भाडेकरूंना त्याच जागी किमान 350 चौरस फुटांचे मालकीचे घर आणि दुकानदारांना दुकान द्यायचे, असे ठरले. त्यासाठी कुटुंबांना काही वर्षे तात्पुरत्या घरांत राहावे लागले. पहिल्या टप्प्याचे उंच मनोरे उभे राहिल्यावर शेकडो कुटुंबे तेथे परतली.

एवढे मोठे काम लवकर संपत नाही. जुने शेजारी दुरावतात. चाळीच्या गॅलरीत सहज होणाऱ्या गप्पा बाराव्या मजल्यावर होत नाहीत. तरीही डोक्यावर पक्के छप्पर हवेच. हुसैनी इमारतीने हे फार मोठी किंमत घेऊन शिकविले.

वस्ती नवी झाली की रस्ते रुंद होतात, दुकाने झगमगतात. ते पाहून आपण खूश होतो. पण तुम्ही अशा वस्तीत जाल तेव्हा एक गोष्ट जरूर विचारा : येथे पूर्वी राहणारा माणूस आजही येथेच राहतो का? पिढ्यान्‌पिढ्या अत्तर विकणारे काका अजून दुकानात बसतात का? उत्तर 'हो' असेल, तर ती वस्ती खरोखर सुधारली असे समजा.

स्वाध्याय

1. भेंडीबाजार या नावाबद्दल कोणती दोन मते आहेत?
2. 'मुक्काम करणे' आणि 'राहणे' यांतील फरक दोन वाक्यांत सांगा.
3. पाठात 'किंमत' हा शब्द दोन अर्थांनी आला आहे. ते अर्थ ओळखा.
4. दुकानदार आणि गिऱ्हाईक यांचा संवाद मराठीत लिहा.
5. तुमच्या वस्तीतील एखाद्या जुन्या दुकानदाराला भेटा आणि त्यांच्याविषयी पाच वाक्ये लिहा.