पाटी बोलते

(घराच्या बागेत लावलेल्या पाट्या आपण येता-जाता वाचतो. काही पाट्या वाचून हसू येते, तर काही वाचून पाय जागीच थांबतात. या पाट्यांची भाषा कशी असते आणि एखादी छोटी पाटी मोठा अपघात कसा टाळू शकते, ते या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, शाळेतून घरी जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जरा लक्ष देऊन पाहा. एखाद्या घरापुढे लहानशी बाग दिसेल. कुंपणावर जास्वंद फुललेली असेल, फाटकाजवळ मोगऱ्याची कुंडी असेल आणि तिथेच एक पाटी असेल, 'फुले तोडू नका.'

पाटी म्हणजे मालकाचा आवाज. मालक कामावर जातो, दुपारी झोपतो, कधी परगावी जातो. पाटी मात्र उन्हापावसात उभी असते. येणाऱ्या प्रत्येकाला ती एकच गोष्ट सांगते. पण नुसते सांगून भागत नाही, ऐकणाऱ्याला ते पटले पाहिजे. म्हणूनच पाटी लिहिणे ही एक कला आहे.

या कलेत पुणे शहराचे नाव फार मोठे आहे. तिथल्या सदाशिव, नारायण, शनिवार अशा जुन्या पेठांतील पाट्या महाराष्ट्रभर 'पुणेरी पाट्या' म्हणून ओळखल्या जातात. शब्द थोडे, बोलणे सरळ आणि त्यात एक चिमटा, अशी त्यांची रीत. त्याच धर्तीवर बागेसाठी तयार केलेल्या या काही पाट्या वाचा :

'फुले देवासाठी असतात, हे खरे. ही फुले आमच्या देवासाठी आहेत.'

'पेरू कच्चे आहेत. पिकले की आम्ही खाणार आहोत.'

'या बागेत कुत्रा नाही. मालक स्वतः धावून येतात.'

'शेळीला वाचता येत नाही. म्हणून आपण फाटक लावून जावे.'

वाचून हसू आले ना? आता विचार करा. 'फुले तोडणाऱ्यास शिक्षा होईल' असे लिहिले असते, तर वाचणाऱ्याला राग आला असता. कदाचित त्याने मुद्दाम एक फूल तोडले असते. पण ज्याला हसू येते, त्याचा हात आपोआप मागे येतो. शेळीची पाटी तर कोणावरही आरोप करत नाही. ती शेळीचे नाव घेते आणि काम माणसाकडून करून घेते.

या पाट्यांमधून मराठी भाषाही शिकता येते. धाकट्या भावाला आपण म्हणतो, 'फूल तोडू नकोस.' मोठ्या माणसाला किंवा अनेकांना म्हणतो, 'फुले तोडू नका.' आणि कोणा एकाला उद्देशून न बोलता सर्वांसाठी नियम सांगायचा असेल, तर लिहितो, 'फुले तोडू नयेत.' पाटीवर 'नये' आणि 'नयेत' हे शब्द म्हणूनच वारंवार दिसतात.

आणखी एक मजा पाहा. बाग, गुलाब, मालक, खबरदार, सक्त मनाई हे पाटीवरचे शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. तुमच्या उर्दू भाषेतही ते आहेत. हे शब्द दोन्ही भाषांच्या बागेत सारखेच फुलले आहेत. मात्र एका शब्दापासून सावध राहा. 'कुंडीला हात लावू नका' अशी पाटी वाचून तुम्ही दाराच्या कडीकडे पाहाल! उर्दूत कुंडी म्हणजे दाराची कडी, मराठीत कुंडी म्हणजे झाड लावायचे भांडे. उर्दूत त्याला गमला म्हणतात.

सावध करणारी पाटी ही काही आजची गोष्ट नाही. इटली देशात पॉम्पेई नावाचे प्राचीन शहर होते. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस या ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि ते शहर राखेखाली गाडले गेले. पुढे उत्खननात तिथे एक घर सापडले. त्याच्या प्रवेशद्वाराशी जमिनीवर लहान लहान तुकडे बसवून साखळीने बांधलेल्या कुत्र्याचे चित्र काढलेले आहे. त्याखाली लॅटिन भाषेत दोनच शब्द आहेत : 'कुत्र्यापासून सावध!' सुमारे दोन हजार वर्षे झाली, तरी आपल्या फाटकावर आपण तेच लिहितो.

आता थोडे गंभीर बोलू. बागेत कुत्र्यापेक्षाही धोकादायक गोष्टी असतात आणि त्या भुंकत नाहीत. इंग्लंडच्या उत्तर भागात ॲनिक या गावी २००५ साली एक विषारी वनस्पतींची बाग सुरू झाली. तिच्या काळ्या लोखंडी फाटकावर कवटीचे चित्र आहे आणि 'ही झाडे जीव घेऊ शकतात' अशी पाटी आहे. ही थट्टा नाही. तिथे मार्गदर्शकाबरोबरच आत जावे लागते. झाडांना हात लावण्यास, त्यांचा वास घेण्यास आणि काही तोंडात घालण्यास मनाई आहे.

तुम्ही म्हणाल, इंग्लंड कुठे आणि आपण कुठे! पण त्यांतल्या काही वनस्पतींची भावंडे आपल्या अंगणात आणि शाळेच्या आवारात उभी असतात. गुलाबी फुलांची कण्हेर किती सुंदर दिसते! तिचे पान, फूल, फांदी सारेच विषारी असते आणि ते विष हृदयावर परिणाम करते. पिवळ्या कण्हेरीला बिट्टी म्हणतात. तिच्या बिया मुले खेळायला घेतात, पण पोटात गेल्यास त्याच बिया जीवघेण्या ठरतात. काटेरी फळाच्या धोतऱ्याने माणूस भ्रमिष्टासारखा बरळू लागतो. एरंडाची बी चघळणे धोक्याचे आहे. लाल-काळी गुंज दिसायला मण्यासारखी असते. पूर्वी सोनार तिने सोने तोलत. ती चावून खाल्ली, तर तिच्यातील विष पोटात उतरते.

म्हणून ही सगळी झाडे उपटून टाकायची का? नाही. त्यांच्या जवळ एक पाटी मात्र हवी. 'विषारी झाड. काहीही तोंडात घालू नका.' बागेत कीटकनाशक फवारले असेल, तर दुसरी पाटी हवी. 'आज औषध फवारले आहे. हात लावू नका.' तिच्यावर तारीख लिहावी, म्हणजे कढीपत्ता तोडायला आलेली शेजारीण वेळेवर थांबेल. झाडांसाठी भरून ठेवलेल्या टाकीवर लिहावे, 'हे पाणी पिण्याचे नाही.'

इथे एक नियम लक्षात ठेवा. शिष्टाचार शिकवायचा असेल, तर पाटी विनोदी चालेल. जिवाला धोका असेल, तर पाटी साधी, स्पष्ट आणि खरी असावी. काही लोक फुले वाचवण्यासाठी 'बागेत साप आहे' अशी खोटी पाटी लावतात. दोन दिवस लोक घाबरतात. तिसऱ्या दिवशी कोणाला तरी खरे समजते आणि मग सारे त्या पाटीला हसू लागतात. पुढे त्याच बागेत बिट्टीच्या झाडाजवळ खरी पाटी लागली, तर तिच्यावर कोण विश्वास ठेवील? 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट तुम्हांला ठाऊक आहेच. खोटी पाटी फक्त स्वतःचेच नव्हे, तर शेजारच्या खऱ्या पाटीचेही वजन कमी करते.

अजून एक गोष्ट आहे. पाटी कितीही चांगली असली, तरी ती वाचता आली पाहिजे. मोहल्ल्यात कोणी मराठी वाचतो, कोणी उर्दू वाचतो. तीन वर्षांच्या बाळाला तर काहीच वाचता येत नाही, आणि बी तोंडात घालण्याचा धोका त्यालाच सर्वांत जास्त! मग काय करावे? इशारा दोन्ही भाषांत लिहावा, वर कवटीचे मोठे चित्र काढावे आणि बाळाच्या जवळ मोठ्या माणसाने राहावे. पाटी मोठ्यांना सावध करते, बाळाला सांभाळण्याचे काम मोठ्यांचेच आहे.

आणि एवढे करूनही कोणी विषारी बी खाल्लीच तर? घरगुती उपाय करत बसू नये. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. खाल्लेल्या झाडाचे पान किंवा फळ सोबत घेऊन रुग्णाला ताबडतोब दवाखान्यात न्यावे. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर फोन केल्यास रुग्णवाहिका येते.

चला, आता तुम्हीच पाटी तयार करा. पत्र्याचा तुकडा घ्या, त्याच्या कडा घासून बोथट करा आणि ऑइलपेंटने ठळक अक्षरे लिहा. शब्द सहा-सातच असावेत, कारण रस्त्याने जाणारा माणूस थांबून निबंध वाचत नाही. पाटी झाडाच्या खोडाला खिळ्याने ठोकू नका. त्या जखमेतून कीड आणि बुरशी आत शिरते. काठीला बांधून ती कुंडीत किंवा मातीत रोवा. आणि लावण्यापूर्वी स्वतःला विचारा : ही पाटी खरी आहे का? ती सर्वांना समजेल का? दोन्ही उत्तरे 'होय' असतील, तर तुमची पाटी तुमच्या मागेही तुमचे काम करील.

शब्दार्थ

कुंपण – बागेभोवतीचा आडोसा
धर्तीवर – त्या पद्धतीने
चिमटा – (येथे अर्थ) हसत हसत मारलेला टोमणा
शिष्टाचार – चांगली वागणूक, अदब
उत्खनन – जमीन खोदून शोध घेणे
भ्रमिष्ट – ज्याचे भान सुटले आहे असा
बरळणे – अर्थहीन बोलणे
बोथट – धार नसलेले

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखकाने पाटीला मालकाचा आवाज का म्हटले आहे?
(आ) पॉम्पेई शहर कोणत्या साली राखेखाली गाडले गेले?
(इ) सोनार पूर्वी सोने कशाने तोलत?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) विनोदी पाटी वाचून माणसाचा हात मागे का येतो?
(आ) खोट्या पाटीमुळे कोणते नुकसान होते?
(इ) विषारी बी खाल्ल्यास काय करावे आणि काय करू नये?

३. रिकाम्या जागी 'नकोस', 'नका' किंवा 'नये' लिहा.
(अ) सलीम, तू बिट्टीची बी तोंडात घालू ......
(आ) काका, तुम्ही आज कढीपत्ता तोडू ......
(इ) बागेत कचरा टाकू ......

४. पुढील मराठी शब्दांसाठी उर्दू शब्द सांगा.
कुंडी, कण्हेर, एरंड, गुंज

५. उपक्रम : तुमच्या घराच्या किंवा शाळेच्या आवारातील झाडांची यादी करा. त्यांतील विषारी झाडे कोणती, ते शिक्षकांना विचारा. त्यांच्यासाठी मराठी व उर्दू अशा दोन भाषांत पाट्या तयार करून लावा. तसेच एक विनोदी पाटी तयार करून वर्गात वाचून दाखवा.