गव्हाविना ताट : सिलिअ‍ॅक व्याधी आणि नव्या शहरातील बिऱ्हाड

स्मरणिकेसाठी काही लिहावे, अशी मंडळाची सूचना आली तेव्हा विषय शोधीत बसावे लागले नाही. अशा अंकांतून आम्ही डॉक्टर मंडळी बहुधा आपल्या हातून बरे झालेल्या रुग्णांविषयी लिहितो. मी मात्र एका चुकलेल्या निदानाविषयी लिहिणार आहे. निदान चुकविणारा मी आणि रुग्ण माझी स्वतःची मुलगी. ही हकिगत तिच्या संमतीने लिहीत आहे. किंबहुना ‘बाबा, लिहाच’ असा तिचाच आग्रह आहे.

आमचे घर डिचोली तालुक्यातील नार्वे गावचे. समोर मांडवीच्या पात्रात दिवाडी बेट आणि मध्ये फेरीबोट. श्री सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान त्या बेटावर होते. पोर्तुगीज राजवटीत ते देऊळ उद्ध्वस्त झाले, देव नदी ओलांडून अलीकडे आला आणि १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी येथील मंदिराचा जीर्णोद्धार करविला. देवालाही जेथे स्थलांतर चुकले नाही, तेथे आमच्या मुलांना ते कसे चुकावे? शिक्षणासाठी, नोकरीसाठी ती पुणे, मुंबई, बंगळूर अशी पांगतात. माझी मुलगी पुण्यास गेली.

नार्व्यात ती वाढली ती सकाळच्या उकड्या तांदळाच्या पेजेवर, दुपारच्या भात-हुमणावर, नाचणीच्या आंबिलावर आणि आंबोळीवर. गव्हाची पोळी आठवड्यातून एखाद-दोन वेळा, पाव कधीमधी. पुण्यात वसतिगृह आणि खानावळ. सकाळी उपमा किंवा ब्रेड, दुपारी तीन पोळ्या, संध्याकाळी बन-मस्का, रात्री पुन्हा पोळ्या. वर्ष सरता सरता तिचे वजन सहा किलोंनी उतरले. पोट फुगणे, वरचेवर तोंड येणे, जिना चढताना धाप लागणे अशा तक्रारी सुरू झाल्या. हिमोग्लोबिन निघाले ८.२. मी दूरध्वनीवरूनच लोहाच्या गोळ्या सांगितल्या. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ८.४. मी गोळीची कंपनी बदलली. पुढे जंतांचे औषध झाले, आम्लपित्ताचे झाले. ‘बाहेरचे खाणे आणि जागरणे’ हे माझे ठरलेले उत्तर. अशी दोन वर्षे गेली. गोळी बदलली, निदान बदलले नाही.

या दोन वर्षांत एक खूण माझ्या डोळ्यांसमोर होती. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुटीत ती घरी आली, की आठ-पंधरा दिवसांत तिचे पोट शांत होई, भूक लागे, चेहऱ्यावर टवटवी येई. ‘घरची हवा मानवते’ असे तिची आई म्हणे आणि मीही मान डोलवी. अखेर पुण्यातील एका तरुण पोटविकारतज्ज्ञाने तिला एकच प्रश्न विचारला : ‘सुटीत घरी काय खाता?’ तिने यादी सांगितली. त्यात गहू जवळजवळ नव्हता. रक्ततपासणीत टीटीजी-आयजीए प्रतिपिंडे भरपूर वाढलेली निघाली आणि दुर्बिणीतून घेतलेल्या आतड्याच्या तुकड्यांनी निदानावर शिक्कामोर्तब केले. व्याधीचे नाव सिलिअ‍ॅक.

व्याधीचे स्वरूप

सर्वसामान्य वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. गहू, सातू आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. पोळीच्या कणकेला जो चिवटपणा येतो तो त्याचाच. काही व्यक्तींच्या शरीरातील रोगप्रतिकारक यंत्रणा या ग्लूटेनमुळे चवताळते आणि स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला चढविते. आतड्याच्या अस्तरावरील सूक्ष्म अंकुर, ज्यांना आम्ही विली म्हणतो, झिजून सपाट होतात. अन्न पोटात जाते, पण अंगी लागत नाही. लोह, फोलेट, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांची उणीव पडते. ही अ‍ॅलर्जी नव्हे, अपचनही नव्हे. हा आयुष्यभराचा स्वयंप्रतिकार विकार आहे. त्यावर आज एकच खात्रीचा उपचार आहे : ग्लूटेन संपूर्णपणे व कायमचे वर्ज्य करणे.

लंडनमधील सॅम्युअल गी यांनी १८८८ मध्ये या व्याधीचे नेमके वर्णन केले आणि उपचार आहारातूनच होईल असेही म्हटले; परंतु अपराधी धान्य कोणते ते त्यांना उमगले नव्हते. ते दाखविले विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी. १९३० च्या दशकापासूनच त्यांना गव्हाचा संशय होता. दुसऱ्या महायुद्धातील १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पाव दुर्मीळ झाला. तेव्हा या व्याधीची मुले सुधारली आणि पाव परत येताच पुन्हा आजारी पडली, या अनुभवाने त्यांच्या संशयास बळकटी आली. १९५० मध्ये त्यांनी आपला प्रबंध सादर केला. हा इतिहास मी विद्यार्थिदशेत वाचला होता. डिके यांचा तो हिवाळा माझ्या घरी दर मे महिन्यात येत होता आणि मला तो वाचता आला नाही.

‘हा आपल्याकडचा रोग नव्हे’

माझी चूक का झाली, याचा विचार केला असता उत्तर सापडते. ‘सिलिअ‍ॅक हा उत्तरेकडील गहू खाणाऱ्यांचा रोग, भातखाऊ किनारपट्टीवर तो कोठला?’ ही समजूत माझ्या मनात पक्की होती. ती सर्वस्वी निराधार नाही, पण अर्धवट आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अखिल भारतीय पाहणीत तेवीस हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी झाली. या व्याधीच्या प्रतिपिंडांचे प्रमाण उत्तर भारतात १.२३ टक्के, ईशान्येस ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के आढळले. परंतु या व्याधीस आवश्यक असणारी एचएलए डीक्यू-२ किंवा डीक्यू-८ ही जनुके उत्तरेत ३८.१ टक्के आणि दक्षिणेत ३६.४ टक्के लोकांत होती, म्हणजे जवळजवळ सारखीच. मोठा फरक होता तो ताटात. गव्हाचा दैनंदिन सरासरी आहार उत्तरेत ४५५ ग्रॅम, तर दक्षिणेत केवळ २५ ग्रॅम.

याचा अर्थ आपण नीट लक्षात घ्यावा. बीज आपल्याकडेही आहे. भाताच्या ताटाने ते बहुधा झाकून ठेवले होते. अशी जनुके असणाऱ्या सर्वांनाच व्याधी होते असे नाही. तथापि पेज सोडून पोईवर आणि आंबोळी सोडून ब्रेडवर गेलेल्या आपल्या मुलांत ती दिसू लागली, तर आश्चर्य वाटू नये. नव्या शहरात बिऱ्हाड करणारा तरुण आपल्या सामानाबरोबर आपली जनुकेही नेतो. ताट मात्र मागे राहते.

व्यवसायबंधूंसाठी

१. लोहाच्या गोळ्यांना दाद न देणारा पांडुरोग, रेंगाळणारा अतिसार, खुंटलेली उंची, लवकर विरळ झालेली हाडे, कारण न सापडणारे वंध्यत्व, पहिल्या प्रकारचा मधुमेह, स्वयंप्रतिकार थायरॉइड विकार, डाऊन सिंड्रोम अशा रुग्णांत सिलिअ‍ॅकची आठवण ठेवावी. जुलाब नाहीत म्हणून हे निदान बाद होत नाही.

२. टीटीजी-आयजीए आणि एकूण आयजीए या दोन्ही तपासण्या सोबत कराव्यात. एकूण आयजीए मुळातच कमी असेल तर पहिली तपासणी फसवी ठरते.

३. तपासणी पूर्ण होईपर्यंत गहू बंद करू नये. ‘आधी पोळी सोडून पाहा’ हा सल्ला सदिच्छेने दिला जातो, पण त्यामुळे प्रतिपिंडे उतरतात, आतडे सावरू लागते आणि निदानाचा मार्गच बंद होतो.

४. प्रौढांत आतड्याचे तुकडे तपासणे इष्ट. आपल्या देशात सपाट झालेले अंकुर उष्णकटिबंधीय स्प्रू, जिआर्डिया, क्षयरोग यांतही दिसतात, हे विसरू नये.

५. आई-वडील, भावंडे व मुले यांची तपासणी करावी. आम्हां घरच्यांच्या तपासण्या नकारार्थी आल्या, पण आजचा नकार हा जन्माचा दाखला नव्हे. लक्षणे दिसल्यास त्या पुन्हा कराव्या लागतील.

नव्या शहरातील स्वयंपाकघर

निदानानंतर मुलीने वसतिगृह सोडून दोन मैत्रिणींसह लहानसे बिऱ्हाड केले. त्यापूर्वी खानावळीच्या काकूंना तिने सारे समजावून सांगितले होते. काकू मायाळू, पण म्हणाल्या, ‘अगं, एका पोळीनं काय होतंय?’ याचे उत्तर आकड्यांतच द्यावे लागते. रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने पोटात गेले तरी आतड्यास इजा पोचू शकते, असे २००७ मधील एका अभ्यासात दिसले. पावाच्या एका चकतीत सुमारे दोन ग्रॅम ग्लूटेन असते. म्हणजे त्या चकतीचा चाळिसावा भागही पुरे.

ताटातील पोळी दिसते, ती टाळणे सोपे. कठीण असतो तो लपलेला गहू. आमच्या अनुभवातील यादी देतो.

हिंग : डबीतला हिंग बहुधा मिश्र असतो. त्यात डिंकाबरोबर मैदा किंवा तांदळाचे पीठ घातलेले असते. वेष्टन वाचूनच घ्यावा. फोडणी ही आपल्या स्वयंपाकाची सुरुवात, आणि चूकही तेथूनच सुरू होते.

भाजणी व मेतकूट : थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट या दोन्हींत बहुधा गहू असतो. घरी करताना तो वगळता येतो.

गिरणी : ज्वारी, नाचणी, तांदूळ स्वतः निर्दोष; परंतु गिरणीत त्यांच्या आधी गहू दळला गेला असेल तर त्याचे पीठ आपल्या डब्यात येते.

तवा : आपल्या गोव्यात मासे रव्यात घोळवून तळतात. आपले मासे तांदळाच्या पिठात घोळविले, पण तेल आणि तवा तोच राहिला, तर उपयोग नाही.

इतर : सोया सॉस, माल्टयुक्त पेये, बिअर, तयार सूप, हाताळणीत गव्हाची भेसळ झालेले ओट्स. शेवया तांदळाच्या की गव्हाच्या, हेही विचारावे.

‘ग्लूटेनमुक्त’ असे वेष्टनावर लिहिण्यासाठी आपल्या देशातील नियमानुसार एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लूटेन असावे लागते. अशी तयार पिठे व बिस्किटे महाग पडतात. पण त्यांच्यावाचून अडत नाही. भात, वरण, भाज्या, मासे, अंडी, दूध, फळे, ज्वारी-बाजरीची भाकरी, घावन, पोहे हे सारे मुळातच ग्लूटेनविरहित आहे. मुलगी गमतीने म्हणते, ‘उपवासाच्या दिवशी मी सगळ्यांत निर्धास्त असते.’ साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा यांत ग्लूटेन नाही. मात्र सुटे पीठ न घेता अख्खे धान्य निवडून घ्यावे.

तिच्या बिऱ्हाडात तवा, चाळण, लाकडी उलथणे आणि पीठ मळण्याची परात वेगळी आहे. तिचे डबे वरच्या फळीवर असतात, म्हणजे मैत्रिणींचे गव्हाचे पीठ त्यांवर सांडत नाही. नियम एवढेच, पण ते रोज पाळायचे आहेत.

प्रसाद, पंगत आणि माणसे

खरी कसोटी स्वयंपाकघरात नसून चारचौघांत असते. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा, चतुर्थीच्या नेवऱ्या गव्हाच्या. प्रसाद नाकारणे आपल्याकडे उद्धटपणाचे मानले जाते. मुलीने तोडगा काढला : शिरा हाती घेऊन कपाळास लावायचा, शेजारच्यास द्यायचा आणि आपण केळे किंवा खोबरे-साखर घ्यायची. ख्रिस्ती रुग्णांना मिस्सेतील पवित्र भाकरीविषयी प्रश्न पडतो. व्हॅटिकनच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार पूर्ण ग्लूटेनविरहित भाकर ग्राह्य नाही, पण अत्यल्प ग्लूटेनची चालते. रुग्णाने आपल्या धर्मगुरूंशी मोकळेपणाने बोलावे, असे आम्ही डॉक्टरांनीच सुचवावे.

समाजबांधवांना माझी एक विनंती आहे. आपल्या घरी असा पाहुणा आला तर ‘थोडेसे खा’ असा आग्रह करू नये. ‘तुम्हांला काय चालते?’ असे आधी विचारावे. त्या एका प्रश्नाने पाहुण्याचे अर्धे ओझे उतरते.

निदानास आता चौदा महिने झाले. मुलीचे हिमोग्लोबिन १२.४ आहे, प्रतिपिंडे उतरणीस लागली आहेत, वजन भरून आले आहे. गेल्या चतुर्थीस ती घरी आली तेव्हा आईने तांदळाच्या उकडीचे मोदक आणि हळदीच्या पानांतल्या पातोळ्या केल्या. नेवऱ्या यंदा शेजारीच झाल्या. पंगतीत तिला काही वेगळे वाढावे लागले नाही. सर्वांनी तेच जेवले.

आम्ही नार्व्यात एक लहान घरघंटी घेतली आहे. तिच्यात गहू कधी पडत नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी स्वतः नाचणी आणि तांदूळ निवडतो, दळतो आणि पिठाचे डबे पुण्याच्या बसने पाठवितो. दवाखान्यात मात्र एक सवय नव्याने लावून घेतली आहे. लोहाची गोळी दुसऱ्यांदा लिहिण्याची वेळ आली, की मी लेखणी खाली ठेवतो आणि रुग्णास विचारतो : ‘गावी काय खात होतात? आता काय खाता?’