गाडी तुझी, पाना तुझा, नोंदही तुझीच

चि. मुक्तास,


तुझा मेसेज मिळाला. बाथर्स्टला नोकरी लागली आणि पाठोपाठ मोटरसायकलही आली, याचा आम्हा सगळ्यांना फार आनंद झाला. पण शोरूममधून निघताना तिथल्या माणसाने ‘घरी पाना लावलात तर वॉरंटी गेली म्हणून समजा’ असं बजावलं आणि तेव्हापासून तू चेनला हात लावायलाही बिचकते आहेस, हे वाचून राहवलं नाही. फोनवर या गोष्टी अर्धवट राहतात, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

मी इथे सिडनीत बसगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये काम करतो. आमच्याकडे नव्या पोराला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली जाते : जे काम कागदावर नाही, ते झालंच नाही असं धरायचं. मला तुला जे सांगायचं आहे ते यातच आलं. गाडीची देखभाल स्वतःच्या हाताने जरूर कर. मात्र प्रत्येक कामाची नोंद अशी ठेव, की तुला न ओळखणाऱ्या माणसालाही ती पटली पाहिजे. आणि कुठलं काम आपलं नाही, हेही ओळखून अस.

आधी कायदा समजून घे. नवी गाडी घेतली की इथे तुझ्या हाती दोन वेगवेगळी संरक्षणं येतात, आणि बहुतेक लोक ती एकच समजतात. पहिलं म्हणजे कंपनीची वॉरंटी. ती कंपनी आपणहून देते. तिला मुदत असते, अटी असतात. दुसरं म्हणजे ऑस्ट्रेलियन कन्झ्युमर लॉने दिलेली ग्राहक-हमी. हा कायदा १ जानेवारी २०११ पासून देशभर लागू आहे. विकलेली वस्तू वाजवी दर्जाची असली पाहिजे, तिचे सुटे भाग आणि दुरुस्तीची सोय वाजवी काळ मिळाली पाहिजे, असं हा कायदा सांगतो. ही हमी कुणी काढून घेऊ शकत नाही, तू सही करून सोडलीस तरी सुटत नाही. तुझ्या वॉरंटीच्या पुस्तिकेत बारीक अक्षरात बघ. आमच्या मालासोबत येणाऱ्या कायदेशीर हमी वगळता येत नाहीत, अशा अर्थाचं वाक्य तिथे सापडेल. ते छापणं कायद्यानेच सक्तीचं केलेलं आहे.

या हमीसाठी पहिला जबाबदार असतो तो विक्रेता. ‘तुम्ही कंपनीशी बोला’ असं म्हणून त्याला हात झटकता येत नाहीत. ही बाब तुझ्यासाठी कोरडी नाही. तुझी केटीएम ३९० ड्यूक पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होते. बजाजने २००७ मध्ये केटीएममध्ये भागीदारी घेतली, त्यातून पुढे ही गाडी आली. २०२४ च्या नोव्हेंबरात ऑस्ट्रियातल्या केटीएमवर दिवाळखोरीच्या न्यायालयीन प्रक्रियेत जायची पाळी आली, आणि पुढच्या वर्षी बजाजने पैसा घालून तिला सावरलं. त्या काळात जगभरचे मालक धास्तावले होते. इथल्या गाडीमालकाला मात्र एक आधार होता : आपल्याला गाडी विकणारा दुकानदार इथेच आहे आणि कायद्याने तो बांधलेला आहे. परदेशी कंपनीचं या देशात कार्यालय नसेल, तर माल आयात करणाऱ्यालाच कायदा उत्पादक धरतो.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपबाहेर सर्व्हिस केली एवढ्याच कारणाने तुझी ग्राहक-हमी जात नाही. कंपनीच्या वॉरंटीबद्दल इथला सर्वमान्य नियम असा, की काम जाणकार, पात्र माणसाने केलेलं असावं, कंपनीच्या वेळापत्रकाप्रमाणे आणि मापांप्रमाणे केलेलं असावं, आणि भाग योग्य दर्जाचे असावेत. यातला ‘पात्र माणूस’ हा शब्द तुला अडू शकतो. वेळापत्रकातली मोठी सर्व्हिस तू स्वतः केलीस, तर वॉरंटीचा दावा करताना कंपनी त्यावर बोट ठेवू शकते. ग्राहक-हमीतही एक कलम लक्षात ठेव : मालकाच्या हातून वस्तू बिघडली, किंवा बिघाड टाळायला त्याने वाजवी काळजी घेतली नाही, तर हमीचा आधार मिळत नाही. वाजवी काळजी घेतली होती, हे दाखवायला तुझ्याकडे नोंदवहीशिवाय दुसरं काय असणार?

इंटरनेटवर याविषयी जे सल्ले सापडतील ते बरेचसे अमेरिकन असतात. तिथे १९७५ चा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा आहे. बाहेरचे भाग किंवा बाहेरचा मेकॅनिक वापरला तर वॉरंटी रद्द, अशा अटींबद्दल तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२२ मध्ये हार्ले-डेव्हिडसनवर कारवाई केली होती. वाचायला ते जरूर वाच, पण तो कायदा इथे चालत नाही. त्याचा हवाला देऊन काउंटरवर वाद घालू नकोस. आपला कायदा वेगळा आहे आणि तोही भक्कम आहे.

म्हणून वॉरंटी संपेपर्यंत कामाची वाटणी अशी कर. वेळापत्रकातल्या सर्व्हिस परवानाधारक मेकॅनिककडून करून घे आणि लॉगबुकावर शिक्का घे. न्यू साउथ वेल्समध्ये पैसे घेऊन दुसऱ्याची गाडी दुरुस्त करणाऱ्याला परवाना लागतो, तेव्हा बिलावर परवाना क्रमांक आहे ना ते बघ. हा मेकॅनिक शोरूमचाच हवा असं नाही. पण स्वतंत्र मेकॅनिककडे जाणार असशील तर आधी विचार, की या मॉडेलची सर्व्हिसची माहिती त्याच्याकडे आहे का. १ जुलै २०२२ पासून मोटारींची दुरुस्तीची माहिती स्वतंत्र मेकॅनिकांना देणं कंपन्यांना बंधनकारक झालं, पण त्या योजनेतून मोटरसायकली वगळलेल्या आहेत. सॉफ्टवेअर, एबीएस, व्हॉल्व्ह क्लिअरन्स तपासणं आणि ब्रेक फ्लुइड बदलणं ही कामं त्याच्यावरच सोड. रिकॉल निघाला तर गाडी थेट कंपनीच्या वर्कशॉपमध्ये ने. ते काम फुकट होतं.

दोन सर्व्हिसच्या मधली निगा सगळी तुझी. तुझ्याकडे सोफाला, हिल एंडच्या बाजूला धुळीचे रस्ते आहेत, आणि हिवाळ्यात बाथर्स्टला सकाळी दव गोठतं. त्या थंडीत टायरमधली हवा उतरते, म्हणून गाडी काढण्याआधी, टायर गार असतानाच हवा मोज. ब्रेक पॅडची जाडी, कूलंटची पातळी, दिवे आणि केबल यांवर दर आठवड्याला नजर टाक.

चेनचं काम सगळ्यात जास्त वेळा निघतं, तेव्हा ते नीट शिकून घे. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, मागचं चाक पॅडॉक स्टँडवर. इंजिन चालू ठेवून चाक फिरवत चेन पुसायची नाही, कधीच नाही; चेन आणि स्प्रॉकेटच्या मध्ये सापडलेलं बोट परत मिळत नाही. मऊ ब्रश आणि चेनसाठीचं क्लीनर वापर. तारेच्या ब्रशने कड्यांमधल्या रबरी रिंगा फाटतात आणि आतलं ग्रीस निघून जातं. पुसून कोरडी झाली की ल्यूब चेनच्या आतल्या बाजूला, म्हणजे स्प्रॉकेटला लागणाऱ्या बाजूला मार. चाक फिरलं की ते आपोआप बाहेरपर्यंत पसरतं. हे काम फेरी मारून आल्यावर, चेन कोमट असताना केलं तर ल्यूब कड्यांत उतरतं आणि रात्रभरात मुरतं. मग चाक हळूहळू फिरवून चेन कुठे सर्वांत ताठ आहे ते शोध आणि माप तिथे घे. किती सैल असावी आणि कुठे मोजायची, हे मॅन्युअलमध्ये दिलेलं आहे. अंदाजाने ठरवू नकोस. फार ताठ चेन गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ताण आणते, फार सैल चेन उतरू शकते. चाक सरकवलंस तर दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आल्या पाहिजेत, आणि ॲक्सलचा नट टॉर्क रेंचनेच आवळायचा. सुरुवातीला दुसरं कुठलंही हत्यार घेतलं नाहीस तरी चालेल, पण टॉर्क रेंच चांगला घे.

ऑइलची पातळी गाडी सरळ उभी करून बघ. साइड स्टँडवर कललेल्या गाडीत ती खोटी दिसते. कमी असेल तर मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल घाल, आणि डब्यावर जासो या मानकापुढे एमए किंवा एमए२ लिहिलेलं आहे याची खात्री कर. तुझ्या मोटरसायकलचा क्लच इंजिनच्या ऑइलमध्येच बुडालेला असतो. मोटारींच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. ती इथे पडली की क्लच स्लिप व्हायला लागतो. असा बिघाड वॉरंटीत बसत नाही, आणि त्यात कंपनीचं चुकतं असं मीही म्हणणार नाही. वॉरंटी संपल्यावर ऑइल आणि फिल्टर स्वतः बदलशील तेव्हा ड्रेन बोल्टचा वॉशर दर वेळी नवा घाल. जुनं ऑइल गटारात किंवा मातीत ओतू नकोस. डब्यात भरून कौन्सिलच्या केंद्रावर नेऊन दे. वापरलेलं ऑइल गोळा करून पुन्हा वापरात आणण्यासाठी इथे २००० साली स्वतंत्र कायदा झालेला आहे.

आता नोंदीबद्दल. एक बांधलेली वही घे, सुट्या कागदांवर लिहू नकोस. प्रत्येक कामापुढे तारीख, किलोमीटर, काय केलं, काय मोजलं, काय घातलं आणि कुठल्या ब्रँडचं, एवढं लिही. ‘चेन केली’ एवढ्यावर भागवू नकोस. ‘चेन साफ केली, ल्यूब मारलं, सैलपणा मोजला तो इतका, ॲक्सल नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळला’ असं लिही. बिल त्याच पानाला चिकटव. इथली बिलं उष्णतेने उमटवलेली असतात, काही महिन्यांत कोरी होतात. म्हणून चिकटवण्याआधी फोटो काढ. ओडोमीटरचाही फोटो काढ, त्यावर तारीख आपोआप राहते. आणि नोंद त्याच दिवशी कर. एका बैठकीत, एका पेनाने भरलेली वर्षभराची वही अनुभवी माणूस पाहताक्षणी ओळखतो, आणि मग तुझ्या खऱ्या नोंदींवरही त्याचा विश्वास बसत नाही.

एवढं करूनही एखादा भाग बिघडलाच तर घाबरू नकोस आणि आवाजही चढवू नकोस. गाडी उघडायच्या आधी विक्रेत्याला लेखी कळव, फोटो जोड, आणि कारण काय ते लेखी माग. ‘तुम्ही घरी काम केलंत म्हणून’ असं उत्तर आलं, तर घरी केलेल्या नेमक्या कुठल्या कामामुळे नेमका कुठला भाग गेला, हे विचार. चेनला ल्यूब मारल्याने डॅशबोर्डचा डिस्प्ले बंद पडत नाही. दोष मोठा असेल तर गाडी बदलून हवी की पैसे परत, हे निवडायचा हक्क तुझा असतो. ऐकलं नाही तर आधी राज्याच्या फेअर ट्रेडिंग खात्याकडे जा, तरीही निकाल लागला नाही तर एनकॅट, म्हणजे राज्याचं न्यायाधिकरण आहे. तिथे वकिलाशिवाय स्वतःची बाजू मांडता येते, आणि त्या वेळी वही पुढे ठेवणाऱ्याचं म्हणणं वजनदार ठरतं.

मुक्ता, देखभाल स्वतः करण्यात पैसे वाचतात हे खरं, पण मला त्याहून मोठा लाभ वेगळा दिसतो. जी मुलगी दर आठवड्याला गाडीशी बसते, तिला पॅड झिजलेलं आधी कळतं, टायरमध्ये घुसलेला खिळा आधी दिसतो. ब्लू माउंटन्सचा घाट उतरताना तिचा जीव याच दोन गोष्टींवर असतो. ताईला, म्हणजे तुझ्या आईला, तुझ्या गाडीची काळजी वाटते. नुसतं ‘काळजी करू नकोस’ म्हटल्याने ती जायची नाही. तू गाडी कशी सांभाळतेस हे तिला दाखव.

पहिली सर्व्हिस हजार किलोमीटरच्या सुमारास येईल. ती वेळेवर करून घे आणि मेकॅनिकला विनंती करून शेजारी उभी राहा, काय काय करतो ते बघ. वही मात्र आजच आण. पहिल्या पानावर चासी क्रमांक, इंजिन क्रमांक, गाडी ताब्यात घेतल्याची तारीख आणि त्या दिवशीचं ओडोमीटर लिही. दुसऱ्या पानावर आज मोजलेली दोन्ही टायरची हवा लिही आणि त्या पानाचा फोटो मला पाठव.

कळावे,
तुझा,
मामा