पोटरी दुखली की बसून राहायचं? नाही, थांबायचं आणि पुन्हा चालायचं



मागच्या महिन्यात हिशेबाला आलेले आपले एक जुने सभासद तलावाच्या पाळीवरून येताना दोनदा थांबले. म्हणाले, "सेक्रेटरी, पाण्यात उभं राहून राहून वात धरलाय." दोन वर्षं तेल चोळत होते. डॉक्टरांनी तपासलं तर वात नव्हताच, पायाकडे रक्त नेणारी नळी अरुंद झाली होती. असे आपल्यात आणखीही असतील, म्हणून आजचा धडा.

ओळखायचं कसं?
कालव्यात गाळ साचला की थोडं पाणी जातं, पण जास्त लागलं की कमी पडतं. तसंच हे. बसल्यावर काही वाटत नाही. चाललं की पोटरी आवळून येते, नुसतं उभं राहिलं तरी चार-पाच मिनिटांत थांबते. पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा दुखते. नुसतं थांबून बरं वाटत नसेल, बसावं किंवा वाकावं लागत असेल तर बहुतेक दुखणं कमरेचं. उभं राहून पाय जड होत असतील आणि वर ठेवल्यावर हलके वाटत असतील तर फुगलेल्या शिरांचं.

खात्री करायला डॉक्टर दंडाचं आणि घोट्याचं बीपी मोजतात. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागून ०.९० किंवा कमी आलं तर रक्त कमी पोचतंय. सुई नाही, चिरफाड नाही.

व्यायाम कसा करायचा?
१. सपाट रस्ता निवडा. देवासला मीठा तालाबाच्या काठी, धारला मुंज तलावाकडे. टेकरीच्या पायऱ्या सुरुवातीला नकोत.
२. तीन ते पाच मिनिटांत दुखायला लागेल अशा चालीने चाला.
३. दुखणं मध्यम झालं की थांबा. असह्य होईपर्यंत ताणू नका.
४. पूर्ण थांबलं की पुन्हा चाला.
५. थांबणं धरून सुरुवातीला ३० मिनिटं, मग वाढवत ४५-५० मिनिटं. आठवड्यातून किमान ३ दिवस, किमान १२ आठवडे.

पुष्कळांना वाटतं, दुखतंय म्हणजे पाय बिघडतोय. या आजारात चालताना येणाऱ्या या दुखण्याने पाय बिघडत नाही. नळीतला गाळ चालण्याने निघत नाही, पण स्नायू कमी रक्तात काम भागवायला शिकतात, आजूबाजूच्या बारीक वाटाही कामाला लागतात. हळूहळू न थांबता चालायचं अंतर वाढतं.

सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा, छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल तर नक्कीच. पायाची नळी अरुंद असली की हृदयाचीही असू शकते. दिलेल्या गोळ्या बंद करू नका.

बिडीचं काय?
१९८८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हाउस्ले नावाच्या डॉक्टरांनी या आजाराचा उपचार पाच शब्दांत सांगितला होता. मतलब एवढाच: धूम्रपान बंद, चालणं चालू. बिडी-सिगारेट ओढणाऱ्या तरुणांनाही नळ्या बंद पडण्याचा बर्गर नावाचा आजार होतो, त्यात बोटं, पाय कापावे लागतात. नावेत बसून एकच ओढली, हेही नको.

हे दिसलं तर व्यायाम नाही, थेट दवाखाना:
– रात्री झोपेत पाय दुखतो, खाली लोंबता सोडल्यावर बरं वाटतं
– जखम भरत नाही, बोट काळं पडतंय
– पाय अचानक गार, पांढरा, बधिर झाला. इथे तासांचा हिशेब आहे, सकाळची वाट पाहू नका.

शुगरवाल्यांनी अनवाणी चालू नये, रोज तळवे पाहावेत. गरम विटेचा शेक कोणीच घेऊ नये. बधिर पायाला भाजलेलं कळत नाही.

१६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते. १६ जूनला चालायला लागलात तर ८ सप्टेंबरच्या सुमारास १२ आठवडे पुरे होतात. जाळी दुरुस्त करायचे हेच दिवस, त्यात पायांचीही दुरुस्ती होऊन जाईल. पहिल्या दिवशी न थांबता किती पावलं झाली ते वहीत लिहा, शेवटच्या दिवशी पुन्हा मोजा.

ते सभासद आता रोज संध्याकाळी पाळीवर दिसतात. परवा ऑफिसपर्यंत एकदाच थांबून आले. बिडीचं बंडल माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "हे जमा करून घ्या."

– सचिव